केळ्यांमुळे चिंपांझी बिघडले का?

सुरसागर_काठ:
नमस्कार मंडळी. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल गेल्या (१ ऑक्टोबर २०२५, वय ९१) तेव्हापासून आमच्या घरात वाद पेटलाय. भाचा युनिव्हर्सिटीत शिकतो. तो म्हणतो, "मामा, बाईंनी टांझानियात गोम्बेच्या जंगलात केळी वाटली म्हणून चिंपांझी एकमेकांच्या जिवावर उठले. खऱ्या जंगलात ते तसे नसतातच." पुढच्या महिन्यात इथे बडोद्यात आमच्या मंडळात मला त्यांच्यावर बोलायचं आहे. याला उत्तर काय द्यायचं? आणि एकाच जंगलात साठ-साठ वर्षं बसून असं काय कळतं, जे दोन वर्षांत कळत नाही?

निवृत्त_झूलॉजी:
भाचा अर्धा बरोबर आहे, त्याला दटावू नका. साठच्या दशकात गोम्बेच्या छावणीवर केळी ठेवत, त्याभोवती गर्दी जमे आणि मारामाऱ्या वाढत. हे गुडालबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे केळी फार कमीही केली. पावागडला माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळत चढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

पण पुढचं बघा. सत्तरीच्या सुरुवातीला टोळी फुटली, उत्तरेला कासाकेला, दक्षिणेला कहामा. जानेवारी १९७४ मध्ये कहामाचा गोडी नावाचा नर एकटा खात होता. कासाकेलाच्या नरांनी त्याला गाठून, दाबून धरून मारलं. हे पाहिलं हिलाली मतामा या टांझानियन सहकाऱ्याने. चार वर्षांत कहामा संपली. मारणारे आणि मरणारे एकेकाळी एकमेकांचे केस निवडत बसणारे होते. मे १९७५ मध्ये बंडखोरांनी छावणीतून चार जणांना पळवून नेलं, त्यानंतर नोंदींचं काम प्रामुख्याने या स्थानिक मंडळींनीच चालू ठेवलं. तुमच्या भाषणात त्यांना दोन मिनिटं द्याच, कुणी देत नाही.

आता केळ्यांचा हिशेब. युगांडात न्गोगोच्या जंगलात १९९५ पासून सलग काम चाललंय आणि तिथे संशोधकांनी खाऊ घातलेलं नाही. तरी १९९९ ते २००८ या काळात त्या टोळीने शेजाऱ्यांचे २१ जीव घेतल्याची नोंद आहे. त्यातले बहुतेक ज्या दिशेला मारले, तोच भाग २००९ मध्ये टोळीने बळकावला. हद्द २२ टक्क्यांनी वाढली. आणि २०१४ मध्ये १८ टोळ्यांच्या पाच दशकांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पाहिलेल्या, अनुमानाच्या आणि संशयाच्या मिळून १५२ हत्या निघाल्या. माणसाची लुडबुड कुठे किती, याच्याशी त्यांचा मेळ बसला नाही. टोळीत नर किती आणि दाटी किती, याच्याशी बसला. पश्चिम आफ्रिकेतल्या टोळ्यांत मात्र हे प्रमाण खूपच कमी, म्हणजे "चिंपांझी असेच" हेही बोलू नका.

रावपुरा_नंदा:
काका, मंडळात नुसत्या हाणामाऱ्या सांगितल्या तर बायका उठून जातील! आयव्हरी कोस्टमधल्या 'ताई' नावाच्या जंगलाचं सांगा ना. बोएश नावाचे संशोधक तिथे १९७९ पासून होते. तिथे आई गेलेल्या पिल्लांना दुसऱ्यांनी सांभाळलं, त्यात नरही होते, आणि तपासलं तर ते बहुधा बापही नव्हते. शिवाय दगडाने कठीण कवचाची फळं फोडणं. पिल्लू आईजवळ बसून बघतं, वर्षानुवर्षं नुसते दगड आपटतं, मग कुठे एक गर हाताला लागतो.

निवृत्त_झूलॉजी:
नंदाबाई, दोन्ही सांगावं लागेल, प्राणी एकच आहे. आणि मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मुद्द्यात आहे. चिंपांझीण तेरा-चौदाव्या वर्षी पहिल्यांदा विते, पुढचं पिल्लू पाच-सहा वर्षांनी. दोन वर्षांत पीएचडी करून परतणाऱ्याला एकही बाळ जन्मापासून आईपासून सुटं होईपर्यंत बघायला मिळत नाही. वयात आल्या की बहुतेक माद्या दुसऱ्या टोळीत जातात, नर जन्मलेल्या टोळीतच राहतात. मग कोण कुणाची आजी हे कुठल्या वहीत सापडणार? न्गोगोच्या माद्या पन्नाशीच्या आसपास वेणं थांबवून पुढेही बरीच वर्षं जगतात, हे २०२३ मध्ये छापून आलं. काम सुरू होऊन तोवर २८ वर्षं झाली होती.

कहामाचंही तसंच. फूट का पडली, हे २०१८ मध्ये जुन्या नोंदी संगणकात घालून पुन्हा तपासलं, तर वरच्या पदासाठी तीन नरांची चढाओढ पुढे आली. एकीकडे हम्फ्री, दुसरीकडे चार्ली आणि ह्यू. त्या वेळी वह्या भरणाऱ्यांना हे इतकं स्पष्ट दिसणं कठीण होतं, ते छावणीवर कोण कुणासोबत आलं ते लिहीत होते.

धारवाडी_जावई:
एक देशी धागा देतो. गिनीतल्या बोसूला १९७६ मध्ये चिंपांझींवर काम सुरू करणारे जपानी संशोधक सुगियामा त्याआधी आमच्या धारवाडच्या वानरांत होते. नवा नर टोळी ताब्यात घेतो आणि पिल्लं मारतो, हे त्यांनी तिथे साठच्या दशकात नोंदवलं. कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. म्हणाले, गर्दीमुळे डोकं फिरलं असेल.

सुरसागर_काठ:
म्हणजे "माणसामुळेच बिघडले" हा आक्षेप आमच्या भाच्याहून जुना! भाच्याला हे वाचून दाखवलं. आता म्हणतो, न्गोगोत अभ्यासाला आलेली माणसं रोज त्यांचा पाठलाग करतात, त्याचं काय?

निवृत्त_झूलॉजी:
हुशार आहे. विचारा त्याला: माणसं तर सगळ्याच टोळ्यांमागे फिरतात, मग काही ठिकाणी डझनावारी हत्या आणि काही ठिकाणी एकही नाही, असं का? पाठलाग हेच कारण असेल तर हा फरक त्याने समजावून द्यावा. भाषणाला त्यालाही घेऊन या, पुढच्या रांगेत बसवा.