थ्रो ४५ अंशात का टाकायचा नाही?

अकरावी_सायन्स: शिवाजी पार्कात सीमारेषेवरून थ्रो केला की आमचे कोच ओरडतात, "खाली ठेव, खाली!" पुस्तकात मात्र सर्वांत जास्त पल्ला ४५ अंशांना मिळतो. मग खरं कोणाचं?

निवृत्त_मास्तर: दोघांचंही, बाळा. पुस्तक विचारतं, चेंडू किती लांब जाईल. कोच विचारतात, किती लवकर पोहोचेल. वेग सेकंदाला २५ मीटर धर. ३० अंशात टाक किंवा ६० अंशात, हवेचा विरोध सोडला तर पल्ला एकच, साधारण ५५ मीटर. पण पहिला चेंडू अडीच सेकंदांत येतो, दुसऱ्याला जवळपास साडेचार लागतात. तेवढ्यात फलंदाज दुसरी धाव पळून मोकळा! चेंडू हवेत किती वेळ राहणार हे उभा वेग ठरवतो, त्या वेळात किती पुढे जाणार हे आडवा. दोघं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. हे वहीत आकृती काढून बघच.

माहीमची_ताई: शिवाय ४५ हे उत्तर चेंडू जमिनीवरून सुटून जमिनीवरच पडतो तेव्हाचं. तुझ्या हातातून तो डोक्याच्या उंचीवर सुटतो, म्हणून कमाल पल्ल्याचा कोनही थोडा कमी येतो. गोळाफेकीत तर चांगले खेळाडू चाळीसच्या खालीच टाकतात, कारण चढ्या कोनात हाताला तेवढा वेगच देता येत नाही.

अकरावी_सायन्स: आणि समुद्राकडून वारा समोर आला तर?

निवृत्त_मास्तर: तर अजून खाली. उंच चेंडू वाऱ्यात जास्त वेळ राहतो, तेवढा मागे रेटला जातो.