फ्लॅटमध्ये निसर्ग आणायचाय, सुरुवात कुठून करू?

खिडकीवाली:
सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलला एकच खिडकी, थेट ऊन नाही, समोर दुसरी इमारत. घरून काम करते, त्यामुळे अख्खा दिवस याच खोलीत जातो. इंटिरियरवाल्याने सोफ्यामागे व्हर्टिकल गार्डन (भिंतीवर उभी लावलेली खरी झाडं) आणि उरलेल्या भिंतीवर प्लास्टिकच्या हिरवळीचं पॅनल सुचवलंय. चित्रात झकास दिसतं. करू का? हवा शुद्ध करणारी झाडंही सुचवा.

वळचण:
खिडकीपासून लांबच्या भिंतीवर व्हर्टिकल गार्डन नकोच. ठिबक, पंप, निचरा, मागे वॉटरप्रूफिंग, वर रोज दहा-बारा तास ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा खास दिवा. एक काही बिघडलं की भिंत ओल धरणार. ऑफिसांतल्या भिंती कायम टवटवीत दिसतात, कारण देखभालीचं कंत्राट असतं आणि मेलेली रोपं गुपचूप बदलली जातात.

आधी उजेड मोजा, मोबाइलचं लक्स ॲप अंदाजापुरतं चालेल (लक्स हे उजेडाचं माप). ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर हजारो लक्स उजेड असतो. अशा खोलीत दोन-तीन मीटर आत कित्येकदा दोनशेही भरत नाहीत. आपले डोळे जुळवून घेतात, झाडाला ते जमत नाही.

चाफेकळी:
पण हवा शुद्ध होते हे नासानेच सांगितलंय ना?

वळचण:
1989 चा तो प्रयोग छोट्या बंद चेंबरमध्ये झाला होता. घरात दारं-खिडक्या, फटी यांतून हवा सतत बदलत असते. 2019 मध्ये अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील असं निघालं. म्हणजे घर झाडांना देऊन आपण जिन्यात राहायचं. झाडं आवडतात म्हणून लावा, हवेसाठी खिडकी उघडा.

आडवाट:
माझं मत, कुंड्यांआधी टेबल हलवा. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्णांच्या 23 जोड्याच होत्या, त्यामुळे फार ताणू नये. पण बघा, तिथे तुलना कुंड्यांची नव्हती, फरक होता तो नजरेसमोरच्या दृश्याचा.

तेव्हा टेबल खिडकीला काटकोनात लावा: मान वळवली की बाहेर दिसेल आणि स्क्रीनवर चकाकीही कमी. समोरची इमारत खुपत असेल तर खिडकीच्या आतल्या बाजूला झाडांची ओळ लावा, पानांआडून बघायला बरं वाटतं. (आतल्याच बाजूला. सातव्या मजल्यावरून कुंडी निसटली तर खालच्याचं काय?) जाड पडद्याऐवजी वाऱ्याने हलणारा पातळ सुती. खिडकीलगतच्या भिंती फिक्या. प्लास्टिकच्या पॅनलमध्ये धूळ बसते आणि निघता निघत नाही. त्यापेक्षा खरं लाकूड, वेत, दगड, जे हाताला जाणवतं ते.

खिडकीवाली:
टेबल आत्ताच फिरवलं! व्हर्टिकल गार्डन रद्द. स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट आणू ना? मांजर आहे घरात, पानं चावते.

चाफेकळी:
मग ही तिन्ही नकोत! मांजरांना त्रास होतो. पीस लिलीही नको. स्पायडर प्लांट किंवा बोस्टन फर्न घ्या, खिडकीलगत ठेवा.

वळचण:
फर्नला दमट हवा लागते, एसीच्या झोतात पानं करपतील. स्पायडर प्लांट सोपं. कमी उजेडात माती हळू वाळते, तेव्हा बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका.