शब्दचर्चा : आयरिश, गेलिक की गेल्गे?

शब्दवेडी :
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी आलेला अनुवाद तपासतेय. लेख आयर्लंडच्या प्रवासावरचा आहे. तिथल्या भाषेला अनुवादकाने पहिल्या पानावर ‘गेलिक’ म्हटलंय आणि तिसऱ्यावर ‘आयरिश’. कुठलं ठेवू? दुसरी अडचण एका वाक्याची. बसमधला म्हातारा लेखकाला सांगतो, ‘माझ्याकडे आयरिश नाही.’ हे वाचून वाटतं, बाबांच्या पिशवीतली आयरिश व्हिस्कीची बाटली संपली. मूळ इंग्रजीतही ‘माझ्याकडे नाही’ असंच आहे म्हणे. आणि तिसरं, तिथल्या पंतप्रधानाला म्हणतात त्या ‘तीशख’ या शब्दाचं काय करू?

लिफीकाठी :
आठ वर्षं डब्लिनात आहे. भाषा शिकायला तीनदा बसलो, तीनदा उठलो. त्यामुळे पंडित म्हणून नाही, शेजारी म्हणून लिहितो.

इथे इंग्रजी बोलताना लोक या भाषेला ‘आयरिश’च म्हणतात. ‘गेलिक’ म्हटलं की समोरच्याला आधी फुटबॉल आठवतो, इथला तो हातापायांनी खेळायचा. नाहीतर स्कॉटलंडची भाषा. स्वतःच्या भाषेत तिचं नाव ‘गेल्गे’, पहिल्या ‘ग’च्या मागे एक पुसटसा ‘व’ ऐकू येतो. तेव्हा अंकात ‘आयरिश’ लिहा, पहिल्यांदा येईल तिथे ‘आयरिश (गेल्गे)’ करा, काम झालं.

एक मेख मात्र आहे. ‘गेलिक म्हणणं चूक’ असं इथले शहरी लोक मोठ्या तोऱ्यात सांगतात. पण उत्तरेला डोनेगॉलमध्ये ज्यांची ती खरीखुरी मायबोली आहे, ते आपल्या भाषेला जवळजवळ ‘गेलिक’च म्हणतात. दक्षिणेला मन्स्टरात ‘गेलिन’. म्हणजे आपल्याकडे पेठेतल्या माणसाने मालवणच्या माणसाला त्याच्याच भाषेचं नाव शिकवावं, त्यातला प्रकार.

आता तो म्हातारा. त्याचं वाक्य इंग्रजीत असलं तरी आतून आयरिशच आहे. या भाषेत ‘मी आयरिश बोलतो’ म्हणायची नेहमीची रीत म्हणजे ‘तॉ गेल्गे अगम’. तॉ म्हणजे आहे, अगम म्हणजे माझ्यापाशी. गेल्गे माझ्यापाशी आहे. पुस्तक माझ्यापाशी आहे, वेळ माझ्यापाशी आहे, तशीच भाषाही. ‘टू हॅव’सारखं क्रियापदच नाही. आपल्याकडे तरी कुठे आहे? आपणही ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणतो. भाषेच्या बाबतीत मात्र आपण वेगळे. मराठी आपल्याला ‘येते’. तेव्हा बिनधास्त ‘मला आयरिश येत नाही’ करा. ‘माझ्याकडे’मुळेच बाटली आठवली तुम्हाला.

शब्दवेडी :
‘येते’! किती रोजचा शब्द, आणि मी ‘ठाऊक’, ‘अवगत’ करत बसले होते. पण मग भूक, तहान? तीही पाशी असते का?

लिफीकाठी :
नाही, ती अंगावर असते. ‘तॉ ओक्रस ओरम’, भूक आहे माझ्यावर. तहान, थकवा, लाज, आनंद, सगळं असंच अंगावर येऊन बसतं. ‘तॉ ब्रोन ओरम’, म्हणजे दुःख आहे माझ्यावर, हे इथलं ‘सॉरी’. मराठीत भूक ‘लागते’ नि लाज ‘वाटते’. कर्ता माणूस नाहीच, येणारं बाहेरून येतं, आपण नुसते सापडतो. इंग्रजीतून शिकणाऱ्या माझ्या वर्गबंधूंना यावर दोन तास लागले. मला दोन मिनिटं. (त्याची भरपाई पुढे उच्चारांनी व्याजासकट केली.)

आणखी एक गंमत. या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ असे सुटे शब्दच नाहीत. विचारलं ‘जेवलास?’ तर उत्तर ‘जेवलो’ किंवा ‘जेवलो नाही’. ‘आहे का घरी?’ ‘तॉ’ किंवा ‘नील’, म्हणजे आहे किंवा नाही. आणि हा ‘नील’ अगदी आपल्या ‘नाही’सारखा, आतमध्ये क्रियापद घेऊन बसलेला. आपणही ‘तू नाहीस’, ‘ते नाहीत’ असं त्याला चालवतोच की. आई फोनवर विचारते ‘पोचलास का?’, मी म्हणतो ‘पोचलो’. त्यात ‘हो’ कुठे आहे?

पणजीकर :
मध्येच तोंड घालतो. आभार कसे मानतात तिथे? एका आयरिश पाद्रीबाबांच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं, अर्थ विसरलो.

लिफीकाठी :
‘गुरा मह अगत’. शब्दशः ‘तुझ्यापाशी चांगलं असो’. पुन्हा तेच ‘पाशी’. फार आभार मानायचे तर मध्ये ‘मीले’ घालायचं, हजार चांगलं असो.

पणजीकर :
मग हे आमचं ‘देव बरें करूं’ झालं की! कोंकणीत आभार म्हणून आम्ही आशीर्वादच देतो, ‘देव तुझं भलं करो’. ‘धन्यवाद’ छापील वाटतो, दुकानाच्या पावतीवरचा.

लिफीकाठी :
देव तर नमस्कारातही आहे, पणजीकर. ‘दीअ ग्वित’, देव तुझ्याबरोबर. समोरच्याने परतफेड करताना वाढवून द्यायचं : ‘दीअ स मुर्रे ग्वित’, देव आणि मारिया तुझ्याबरोबर. पुढचा संत पॅट्रिकलाही आत घेतो. वारीतल्या ‘राम कृष्ण हरी’ला कोणी ‘पुंडलिक वरदा’ जोडावं तसं. मुळात देवाधर्माशी ज्यांचं काही देणंघेणं नाही तेही हेच म्हणतात, जसे आपल्याकडचे नास्तिक ‘राम राम’ घालतात.

माजी मास्तर :
‘दीअ’ वाचून राहवलं नाही. हा ‘दीअ’ म्हणजे आपला ‘देव’च, एकाच मुळाचा. संस्कृत शिकवताना मुलांना लॅटिनचे दाखले द्यायचो, पण आयरिशचे अधिक गमतीचे आहेत. ‘केद’ म्हणजे शंभर, आपला ‘शत’. ‘ओख्त’ म्हणजे आठ, ‘अष्ट’. ‘देह’ म्हणजे दहा, आणि इथे तर मराठीतला ‘ह’ सुद्धा भेटतो. ‘रीः’ म्हणजे राजा. ‘बो’ म्हणजे गाय, आपला ‘गो’. त्यावरून ‘बोहर’, रस्ता, मुळात गुरांची वाट. आपल्या ‘गवेषणा’ची तीच कथा. आधी हरवलेली गाय शोधणे, मग काहीही शोधणे.

एक खोड मात्र लक्षात ठेवावी : या भाषेने मूळचा ‘प’ गिळून टाकला. त्यामुळे ‘पितृ’चा ‘अहिर’ झाला आणि ‘पूर्ण’चा ‘लॉन’. प लावून पाहा, नाती दिसू लागतात.

आणि जाता जाता. मराठीच्या बोलींचे नमुने ज्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे’च्या सातव्या खंडात (१९०५) छापले गेले, तो ज्यांनी सिद्ध केला ते जॉर्ज ग्रिअर्सन डब्लिनजवळच्या ग्लेनगेरीचे.

लिफीकाठी :
मास्तर, मग तुमच्यासाठी एक कोडं. इथे पश्चिमेकडच्या एका खानावळीत मी पहिल्याच आठवड्यात चुकीच्या स्वच्छतागृहात शिरलो. दोन दारं होती, एकावर ‘फिर’ नि दुसऱ्यावर ‘म्ना’. रोमन अक्षरांत ‘म्ना’ अगदी ‘मॅन’ची छपाई चुकल्यासारखा दिसतो आणि ‘फिर’चं पहिलं अक्षर ‘फीमेल’चं. मी सरळ ‘म्ना’त. आत एक आजी हात धूत होत्या. त्या म्हणाल्या, ‘तू पहिला नाहीस, बाळा.’

माजी मास्तर :
अहो, तुम्हाला ऋग्वेद आठवायला हवा होता! ‘फिर’ हे ‘फ्यार’चं अनेकवचन, आणि तो आपला ‘वीर’. ‘म्ना’ म्हणजे वैदिक ‘ग्ना’, देवस्त्रियांसाठीचा शब्द. तुम्ही वीरांचं दार सोडून देवस्त्रियांच्या दारात गेलात.

लिफीकाठी :
कोल्हापूरकडचा मी. ऋग्वेद नव्हे, घाई आठवली होती.

कुडाळकर :
तीशखवर कोणी बोललं नाही. २०१७ साली लिओ वराडकर तो झाले तेव्हा आमच्याकडे सगळ्या पेपरांत ‘आयर्लंडचे पंतप्रधान’ असंच आलं. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले तेव्हाही लोक ‘पंतप्रधान’च म्हणत होते. मला तरी तेच बरोबर वाटतं.

लिफीकाठी :
बातमीत बरोबर. ललित लेखात मी ‘तीशख’ ठेवेन आणि एकदाच कंसात पंतप्रधान. कारण इथे इंग्रजी बोलणारा माणूसही तो शब्द बदलत नाही. मूळ अर्थ म्होरक्या, टोळीचा नायक. संसदेचं सभागृह ‘डॉल’, पोलीस म्हणजे ‘गार्डा’, पूर्ण नावाचा अर्थ शांततेचे रखवालदार. राज्यकारभाराच्या वरच्या थराला आयरिश शब्द आणि खाली सगळा व्यवहार इंग्रजीत. या भाषेची आजची स्थिती एवढ्यात कळते.

१९३७ च्या राज्यघटनेत आयरिश पहिली अधिकृत भाषा आणि इंग्रजी दुसरी. युरोपीय संघात २००७ पासून ती अधिकृत आहे, पूर्ण दर्जा २०२२ पासून. २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजारांहून जास्त लोकांनी सांगितलं की आयरिश बोलता येतं. शाळेबाहेर रोज बोलणारे किती? ७१,९६८. मधले लाखो लोक कुठे गेले? ते शाळेत आहेत, किंवा शाळेत होते.

त्या सगळ्यांना एक वाक्य मात्र झोपेत विचारलं तरी येतं : ‘अन विल क्याद अगम दुल गो दी अन लेहरस?’ म्हणजे ‘बाई, मी शू-ला जाऊ?’ शब्दशः ‘संडासात जायची परवानगी आहे का माझ्यापाशी?’ वर्गात हे आयरिशमध्ये विचारल्याशिवाय सोडत नसत. माझ्या हपिसातला पन्नाशीचा सहकारी बाकी सगळं विसरलाय, हे वाक्य मात्र एका दमात, शाळेतल्या चालीवर म्हणतो. बारा-तेरा वर्षं शिकून एवढंच उरलं, असं हसत सांगतो. त्या हसण्यात थोडी खंतही असते, पण मी ती उकरत नाही.

शब्दवेडी :
शाळेने भाषा जगवली म्हणायची की मारली?

लिफीकाठी :
मारली दुसऱ्यांनी. १८३१ पासूनच्या सरकारी शाळा इंग्रजीत. मग १८४५ चा बटाट्याचा दुष्काळ. सुमारे दहा लाख मेले, त्याहून जास्त जहाजात बसले. सगळ्यात गरीब भाग तोच, जिथे आयरिश बोलली जायची. उरलेल्या आईबापांनी हिशेब केला की पोराला बोस्टनला जायचंय तर इंग्रजी हवी. आपल्याकडे इंग्रजी माध्यमात घालणारे आईबाप हाच हिशेब करतात, दुष्काळ नसताना. असो, विषय शब्दांचा आहे.

शब्दांकडे येतो. इथे ‘कूप्ला फोकल’ म्हणून एक प्रकार आहे, ‘दोन-चार शब्द’. पुढारी भाषणाची सुरुवात दोन आयरिश वाक्यांनी करतो, टाळ्या घेतो आणि इंग्रजीवर येतो. दिल्लीहून आलेले पाहुणे शिवाजी पार्कवर ‘माझ्या बंधू आणि भगिनींनो’ म्हणतात, तेच. फरक एवढाच की इथे पाहुणा घरचाच असतो. मला पूर्वी हे ढोंग वाटायचं. आता वाटत नाही. बँकेत, दवाखान्यात, फोन ठेवताना ‘स्लॉन’ म्हणणारा माणूस काही मिळवायला म्हणत नसतो. ‘स्लॉन’ म्हणजे सुखरूप. निरोप म्हणून ‘सुखरूप’ म्हणायचं, बस्स. आपला ‘येतो’ तसाच, ‘जातो’ म्हणायचं टाळणारा.

आणि जिथे भाषा अजून अंगणात आहे ते प्रदेश म्हणजे ‘गेलटख्त’. कॉनेमारा, डोनेगॉल, केरी, असे मुख्यतः पश्चिम किनाऱ्याला चिकटलेले तुकडे. तिथे दुकानात शिरलो की मालकीण आधी आयरिशमध्ये बोलते, माझा चेहरा बघते आणि विनातक्रार इंग्रजीवर येते. तेवढ्याने मला चोरी पकडल्यासारखं होतं. पुण्यातल्या दुकानदाराने माझ्याशी हिंदी सुरू केली की मी चिडतो, आणि इथे मीच कारण.

कुडाळकर :
पाट्या?

लिफीकाठी :
पाट्यांवर आयरिश वर, तिरक्या अक्षरांत, इंग्रजी खाली मोठ्या अक्षरांत. डब्लिनच्या बसवर ‘अन लॉर’ लिहिलेलं असतं. नवखे विचारतात, हे गाव कुठे आलं, सगळ्या बसेस तिकडेच कशा जातात? अर्थ नुसता ‘मध्य’, शहराचा मध्यभाग. डब्लिनचं आयरिश नाव ‘बाल्या आहा क्लीअ’, घाईत ‘ब्लाक्लीअ’. कुडांचा उतार असलेलं गाव, म्हणजे नदी ओलांडायला कामट्या विणून टाकलेल्या ठिकाणचं. ‘डब्लिन’ही आयरिशच, ‘दुव लिन’, काळा डोह. म्हणजे दोन्ही नावं त्यांचीच, एक साहेबाच्या जिभेवरून आलेलं. शीवचं सायन झालं तसं. इथल्या अर्ध्या गावांच्या नावात जो ‘बॅली’ येतो तो ‘बाल्या’, आपलं वाडी नाहीतर गाव.

शब्दवेडी :
सगळं टिपून घेतलं. ‘आयरिश’, ‘येत नाही’, ‘तीशख’ पक्कं. शेवटचं एक. लेखात ‘क्रॅक’ आहे, खास आयरिश शब्द म्हणून. अनुवादकाने तसाच ठेवून टीप दिलीय, ‘आयरिश भाषेतील प्राचीन शब्द, अर्थ मौजमजा’. टीप राहू दे?

लिफीकाठी :
टीप काढा! तो मुळात इंग्रजी ‘क्रॅक’च, उत्तरेकडून आलेला, गप्पाटप्पा या अर्थाचा. आयरिशने उसना घेतला, आपल्या स्पेलिंगचा सदरा घातला आणि गेल्या पन्नासेक वर्षांत तो देशभर ‘आमचा’ म्हणून फिरतोय. बटाटा कुठे आपला होता, पण वड्यातून काढून दाखवा.

शब्दवेडी :
मग लिहू काय? वाक्य आहे, ‘दार उघडताच म्हाताऱ्याने विचारलं, क्रॅक काय?’

लिफीकाठी :
‘दार उघडताच म्हाताऱ्याने विचारलं, काय विशेष?’