जुन्या ट्रकचं दार रंगवायचं का नाही?

पाकेनहॅमचा मिस्त्री (धागाकर्ता)

गेली अडीच वर्षं माझे शनिवार-रविवार एका १९६२ च्या कॉमर ट्रकवर जातायत. मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात डिझेल मिस्त्री आहे. ट्रक निम्मा माझा, निम्मा शेजारच्या आजोबांचा. त्यांचं वय ८४. उमेदीची वीस वर्षं मेलबर्न-सिडनी फेऱ्यांत गेली. गाडी आम्हाला गिप्सलँडमधल्या एका गोठ्यामागे, निलगिरीखाली उभी सापडली. केबिनच्या फरशीतून गवत वर आलेलं, बॅटरीच्या खोक्यात पोसमनं घर केलेलं.

कॉमर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रिटनच्या रूट्स कंपनीचा हा ट्रक. त्याचं टीएस३ हे टू-स्ट्रोक डिझेल इंजिन १९५४ साली आलं. सिलिंडर तीन आणि पिस्टन सहा. प्रत्येक आडव्या सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर धावत येतात, दोघांच्या मध्ये डिझेल पेटतं आणि दोघं परत बाहेर फेकले जातात. दोन्ही बाजूंचा जोर मोठाल्या रॉकरमधून, म्हणजे डोलणाऱ्या तरफांतून, खाली एकाच क्रँकवर, फिरत्या दांड्यावर, उतरतो. हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. सव्वातीन लिटरच्या इंजिनातून १०५ अश्वशक्ती, तीही त्या काळात! फायरिंग असं कडक की ऑस्ट्रेलियात त्याचं नावच 'कॉमर नॉकर', ठोके मारणारा, असं पडलं. पुढं क्रायस्लरनं रूट्स ताब्यात घेतली आणि चार सिलिंडरचं टीएस४ तयार होत असतानाच गुंडाळलं गेलं. याची मला आजही हळहळ वाटते.

इंजिन झालं, वायरिंग झालं, ब्रेक झाले. आता रंग. आणि गाडं अडलंय ते ड्रायव्हरच्या दारावर.

खिडकीच्या कडेला, जिथं उजवं कोपर टेकतं तिथं, वीतभर रंग उडून नुसता पत्रा उरलाय. बोट फिरवलं तर हलकासा खळगा लागतो. खाली निळा रंग, त्याच्या पोटात हिरवा, त्याच्याही खाली मळकट पांढरा. संध्याकाळी उन्हं तिरपी पडली की तीन मालकांची नावं एकात एक गुंतलेली दिसतात. सगळ्यात खालच्या थरात गावाचं नाव आणि तीन आकडी टेलिफोन नंबर.

माझं मत: हे दार रंगवू नये. इंजिनातले निम्मे भाग मी दुसऱ्या दोन कॉमरमधून काढून घातलेत, उद्या तिसऱ्यातून घालेन. चाकं बदलली, काचा बदलल्या. याच गाडीचं, दुसऱ्या कुठल्याच कॉमरचं नाही, असं तिच्यावर काय उरलंय? तर हे दार. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की साठ वर्षं भुकटी होऊन खाली पडणार. आजोबा म्हणतात, "तूच ठरव." मला तुमची मतं हवीत, विरोधातली आधी.

रंगारी अण्णा

विरोधातलं मागितलंस, घे. मी ॲडलेडात २२ वर्षं गाड्या रंगवतोय, त्यातली सहा-सात नुसत्या जुन्या ट्रकांवर गेली.

गंज म्हणजे आठवण नव्हे, मित्रा. गंज म्हणजे पत्रा खाणारा रोग. आज वीतभर दिसतोय, आतल्या शिवणीत तो हातभर असेल. दार उघडून खालच्या पन्हाळीत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. आरपार गेला तर तुझी तिन्ही नावं पाच वर्षांत आपोआप जाणार आहेत.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. ज्या माणसानं हा ट्रक कर्ज काढून घेतला, त्यानं त्या दारावर नाव कोणाकडून लिहून घेतलं असेल? तेव्हा इथं हातानं अक्षरं काढणारे रंगारी होते. कडेला वेलबुट्टी, अक्षराला सावली, कधी सोन्याचा वर्ख. मालक रविवारी पोरांना घेऊन गाडी धूत. ती माणसं आपली गाडी अशी कळकट अवस्थेत प्रदर्शनात उभी राहू देतील? तू जपतोयस ती गाडीची शेवटची वर्षं, गोठ्यामागे टाकलेली. तिच्या ऐन भरातल्या दिवसांना तू का नाकारतोस? दार उघडं कर, रेडऑक्साइड मार, सगळ्यात खालचं पांढरं नाव मापात छापून घे आणि तेच नाव त्याच अक्षरात परत लिहून घे. मी येऊन लिहीन, एक पैसा घेणार नाही.

घाटमाथा

अण्णांशी सहमत. आमच्या वडिलांकडे कराडला लेलँडचा कॉमेट होता. तीच कॉमेट ऑस्ट्रेलियातही चालायची हे मला इथं आल्यावर कळलं. दर दसऱ्याआधी गाडीला रंगाचा हात, मग झेंडूची माळ, नारळ. रंग न दिलेली गाडी पूजेला लावायची म्हणजे वडिलांना लाज वाटायची. कुंभार्ली घाट चढून आलेल्या गाडीला तेवढा मान द्यायलाच हवा, असं म्हणायचे. ती गाडी शेवटी भंगारात किलोवर गेली. माझ्याकडे तिचा एक पान्हासुद्धा नाही. तुमच्याकडे अख्खं दार आहे, मान द्या त्याला.

पाकेनहॅमचा मिस्त्री

अण्णा, पन्हाळीत टोचून पाहिलं. डावीकडच्या कोपऱ्यात दोन इंच आरपार गेलं. तेवढा पत्रा कापून नवा जोडणार, ते मान्य. पण ऐन भरातले दिवस म्हणजे नेमके कोणते? पांढरं नाव पहिल्या मालकाचं. त्याच्याकडे गाडी किती वर्षं होती ठाऊक नाही. हिरव्यावाल्यानं आणि निळ्यावाल्यानंही तिच्यावर घर चालवलंच की. एकाचं नाव झळकवायला दोघांची पुसायची, हे माझ्या हातून होणार नाही.

घाटमाथा, तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो. दसऱ्याचा रंग चालत्या गाडीला होता, उद्या पुन्हा लोड भरायचा होता. आमच्या गाडीला आता लोड नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

लाल माती

मला दोघांचंही पटत नाही. मी काही वर्षं ॲलिस स्प्रिंग्जला होतो. तिथल्या रोड ट्रान्सपोर्ट हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे जुन्या ट्रकांच्या संग्रहालयात, १९३४ साली आलेली एईसी या ब्रिटिश कंपनीची सरकारी रोडट्रेन (एका ट्रकमागं अनेक ट्रेलर) आहे, आठही चाकांना जोर असलेली. कर्ट जोहानसन यांनी युद्धानंतर लष्कराच्या जुन्या डायमंड टी ट्रकमागं स्वतः बनवलेले ट्रेलर जोडून रोडट्रेन उभी केली, ती 'बर्था'ही तिथंच आहे. रस्ताच नाही अशा लाल धुळीतून त्या गाड्यांनी गुरं आणि माल ओढला. त्यांच्यासमोर उभं राहिलं की घसा दाटतो. त्या चालवून बघायची मला कधी इच्छा झाली नाही.

तुमच्या कॉमरचे रॉकर आणि त्यांच्या पिना आता कोणी बनवत नाही. दर वेळी स्टार्टर मारता तेव्हा जगातला साठा तेवढा कमी करता. दार रंगवू नका, आणि गाडीही चालवू नका.

पाकेनहॅमचा मिस्त्री

हे मला मिस्त्री म्हणून मान्य नाही. उभं इंजिन टिकत नाही. रिंगा खोबणीत चिकटतात, पॅकिंगं वाळतात, पाण्याच्या वाटा आतून कुजतात. आम्हाला मिळालं तेव्हा हे इंजिन गच्च धरलं होतं ते चालवल्यामुळे नाही, नुसतं ठेवल्यामुळे. पिस्टन सुटावेत म्हणून सहा आठवडे तेल सोडत होतो. चौथ्या आठवड्यात पान्ह्यावर जोर दिला आणि क्रँक केसभर हलली, तेव्हा आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती.

रात्रपाळी

मी मेलबर्न-सिडनीच्या ह्यूम हायवेवर २६ मीटरची बी-डबल, म्हणजे दोन ट्रेलरवाला ट्रक, चालवतो. मेलबर्नहून टार्कटा, तिथं ट्रेलर बदलायचा, परत घर. टार्कटा म्हणजे बरोबर मधलं गाव. सिडनीवाला तिथवर येतो, मी तिथवर जातो. २०१३ पासून अख्खा ह्यूम चौपदरी झालाय, तरी रात्री तीनला डोळा जड होतोच. टार्कट्यालाच रस्त्यात गेलेल्या ड्रायव्हरांचं स्मारक आहे. भिंतीवर नावं आहेत. दर फेरीत वाचत नाही, वाचवत नाही.

म्हणून माझा प्रश्न रंगाचा नाही, ब्रेकचा आहे. तुम्ही ही गाडी माझ्या रस्त्यावर आणणार. मागून मी ६० टनांचा येणार. तुमचे ड्रम १९६२ चे, आजोबा ८४ चे. मूळचं जपायच्या नादात तुम्ही लायनर मूळचे ठेवलेत का? त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ते ३१ डिसेंबर २००३ पासून या देशात पूर्ण बंद आहे. तुम्ही ड्रमातली धूळ हवेनं उडवली असेल तर तुम्ही आणि आजोबा, दोघांनी ती छातीत घेतली. कमरेचा पट्टा आहे का गाडीत?

जुने लोक उतारावर न्यूट्रल मारायचे, त्याला 'एंजल गिअर' म्हणायचे, देवदूतांचा गिअर. नाव ऐकायला गोड आहे. त्या भिंतीवरची काही नावं त्याच गिअरची असणार.

पाकेनहॅमचा मिस्त्री

दादा, लायनर सगळे काढले, नवे बिनॲस्बेस्टॉसचे घातले. ड्रम ओले करून, मास्क लावून धुतले. क्लच प्लेट आणि मॅनिफोल्डचं पॅकिंगही गेलं. पट्टे लावलेत. मूळपणाचा हट्ट तिथं नाहीच. ह्यूमवर आणणार नाही, व्हिक्टोरियाच्या क्लब परमिटवर (जुन्या गाड्यांचा मर्यादित परवाना) वर्षाला ४५ दिवस, तेही गावच्या रस्त्यांनी. आजोबा शेजारी बसतील, स्टेअरिंग माझ्या हाती.

वॉगाची सून

दोन दिवस वाचतेय, आता लिहिते.

माझे सासरे ऑस्ट्रेलियन. वॉगा वॉगाहून ३१ वर्षं ट्रक चालवला. आधी कॉमर, मग एक ॲटकिन्सन. ते गेले तेव्हा डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, उजव्यानं थोडं. तुम्ही ज्याला कडक फायरिंग म्हणता ते त्यांच्या मांडीखाली वाजत होतं. उन्हाळ्यात केबिनची फरशी एवढी तापायची की बुटाचे तळवे मऊ पडायचे, असं सांगायचे.

१९५४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, ह्यूज अँड व्हेल खटल्यात निकाल दिला की राज्याराज्यांतली वाहतूक परवान्यानं अडवता येणार नाही. त्यानंतर हजारो जणांनी कर्ज काढून एकेक ट्रक घेतला. मग राज्यांनी टन आणि मैलाच्या हिशोबानं रस्ता-कर लावला. भाडं वाढेना, कर चुकेना. एप्रिल १९७९ मध्ये सिडनीजवळ रेझरबॅक डोंगरावर ट्रकवाल्यांनी रस्ता अडवला, बघता बघता देशभर नाकेबंदी झाली, तेव्हा कुठं तो कर गेला. सासरे तिथं होते. त्याबद्दल अभिमानानं फारसं बोलायचे नाहीत. म्हणायचे, त्या आठवड्याचा हप्ता भरायचा राहिला.

माझ्याकडे त्यांच्या ट्रकचं काही नाही. आहे ती सासूबाईंच्या हातची वही. नियमाप्रमाणे विश्रांती घेतली असं दाखवायला दुसरं लॉगबुक लागायचं, ते सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायच्या. नवरा ज्या रात्री जागा राहून गाडी हाकत होता, त्या रात्रीपुढे त्यांनी आपल्या हातानं 'झोप' लिहिलंय. पानामागून पानं.

तुम्ही सगळे दाराच्या बाहेरच्या बाजूबद्दल बोलताय. प्रदर्शनात लोक फोटो काढतील, चमकता रंग असो की उडालेला. दोन्हींत तो माणूस छानच दिसतो. आजोबा ८४ चे आहेत. रंग पुढच्या वर्षीही देता येईल. त्यांना आधी बोलतं करा, आणि लिहून घ्या.

रंगारी अण्णा

ताई, तुमचं वाचून मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. रविवारी गाडी धुणारा मालक मी रंगवला खरा, पण वहीतल्या रात्री माझ्या डोळ्यापुढे नव्हत्या. रंग द्यावा हे मत मात्र बदलत नाही.

पाकेनहॅमचा मिस्त्री

ताई, काल संध्याकाळी आजोबांना तुमचं सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग उठून शेडात गेले आणि गाडीत चढून बसले. उजवं कोपर त्या खळग्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. म्हणाले, "हा माझ्यापेक्षा बुटका होता." आणि मग ते बोलायला लागले ते साडेदहापर्यंत. वॉलनजवळच्या प्रेटी सॅली चढावर पहिल्या गिअरात गाडी इतकी हळू जायची की उतरून शेजारनं चालत लघवी करून परत चढता यायचं. एकदा गंडगाईजवळ बर्फासारख्या थंडीत त्यांनी रात्रभर एका उलटलेल्या गाडीच्या ड्रायव्हरचा हात धरून ठेवला होता. तो सकाळपर्यंत टिकला नाही. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलंय, त्यांना विचारूनच. पुढच्या बुधवारी पुन्हा बसणार आहोत.

रंगाचं असं ठरतंय: चासी, डावं दार आणि केबिन रंगवायची, अण्णा म्हणतात तशी नीट, रेडऑक्साइडपासून. उजवं दार तसंच. त्यावर वरून पारदर्शक लॅकर मारावं म्हणतो, म्हणजे गंज थांबेल. अण्णा, चालेल?

रंगारी अण्णा

अजिबात नको. लॅकरखाली ओल अडकली की गंज आतल्या आत पसरतो, आणि दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात, त्यांच्याबरोबर तुझी अक्षरंही. साध्या पाण्यानं धू, दोन दिवस सावलीत वाळव, मग उकळलेलं जवसाचं तेल सुती फडक्यानं अगदी पातळ चोळ आणि जास्तीचं लगेच पुसून घे. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नकोस, आपोआप पेट घेतात, पसरून वाळव. आणि पन्हाळीतला पत्रा जोडताना उष्णता वर चढू देऊ नकोस, ओलं फडकं लावून थोडं थोडं वेल्ड कर, नाहीतर खालची पांढरी ओळ करपेल. इस्टरच्या सुट्टीत मी येतोय. तोवर त्या ओळीला हात लावू नकोस.