वेळणेश्वरला अडकलोय: सेल्फ नुसता टक् करतोय

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं कोकणात उतरलो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला आलो, गुहागरला चार दिवस काढले आणि आता वेळणेश्वरला खोळंबलो आहोत. गाडी म्हणजे माझ्या भावाने घेतलेली जुनी डिझेल व्हॅन. आत पलंग, ओटा, पाण्याचा पंप आणि छोटा फ्रिज आहे, पण हे सगळं आधीच्या मालकांनी वेगवेगळ्या वेळी करून घेतलेलं, त्यामुळे कुठली वायर कुठे जाते याचा नकाशा कुणाकडेच नाही.

चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, एकदा टक् करतो आणि गप्प. इंडिकेटर लावला की आतला दिवाही त्याच्याच तालावर मिणमिणतो. गॅरेजवाल्यांनी बॅटरी गेली असं सांगितलं म्हणून ७५ अँपिअर-तासांची नवी घेतली. तीही दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की उतरते. काल रात्रभर चार्जरवर लावली, आज सकाळी मीटरवर १२.६ दाखवत होती, तरी पुन्हा टक्. आता ते नवा सेल्फ मागवा म्हणतायत. मागवू का?

आणखी एक. यजमानांच्या ओटीवरून वायर ओढून रात्री गाडीत वीज घेतो. तेव्हा मागच्या दाराची कडी धरली की बोटांना मुंग्या येतात. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

*

ताई,

शेवटून सुरुवात करतो. मुंग्या येतायत ना, तर ती वायर आत्ता काढा. पुढचं नंतर वाचा.

काढलीत? आता ऐका. त्या वायरीत अर्थची तिसरी तार नसणार, किंवा असली तरी ती पुढे कुठे पोचत नसणार. गाडी रबरी टायरवर उभी आहे. फ्रिजमधून किंवा चार्जरमधून थोडाफार करंट पत्र्यावर उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट नाही. ती वाट तुम्ही करून देता, अंगणातल्या ओल्या मातीत अनवाणी उभं राहून कडी धरलीत की. आज मुंग्या आहेत, उद्या फ्रिजची वायर आतून सोलली गेली तर झटका जिवावर बेतेल. तीन तारांची जाड वायर आणि तीन पिनांचा प्लग घ्या. गाडीत वायर शिरते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. यजमानांना अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तेही विचारा. जांभ्याच्या कातळावर पाऊस सरला की खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात बादलीभर पाणी ओतत राहायची आपल्याकडची रीत योग्यच आहे, पण पाणी ओतलं म्हणून भागलं असं समजू नका, वायरमनकडून मोजून घ्या.

आता बारा व्होल्टकडे वळतो. तिथेही आपण 'अर्थ'च म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच तिथे परतीची वायर असते. बॅटरीच्या मायनसवरून एक जाड पट्टी चॅसीला, म्हणजे या सांगाड्याला, जाते आणि एक इंजिनला. मी तीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकलचं काम केलं. खाऱ्या हवेत सगळ्यात आधी मरतात त्या या पट्ट्या, आणि बदलली जाते ती बॅटरी.

का, ते आकड्यांत सांगतो. पट्टीच्या टोकाशी गंज बसला आणि अडथळा ०.०२ ओहम झाला असं धरा. आतल्या दिव्याला दोन अँपिअर लागतात, त्याचे ०.०४ व्होल्ट वाया जातात, कुणाला कळतही नाही. सेल्फने २०० अँपिअर मागितले की त्याच गंजात ४ व्होल्ट खलास. म्हणून तुमचा मीटर १२.६ दाखवतो आणि सेल्फ उपाशी राहतो. काही चालू नसताना घेतलेलं ते माप बॅटरी भरलेली आहे एवढंच सांगतं, वाटेबद्दल काही सांगत नाही. इंडिकेटरच्या तालावर दिवा मिणमिणतो तीही मला हीच खूण वाटते, बहुधा सांगाड्याकडच्या पट्टीची. परतीची वाट अडली की एका दिव्याचा करंट दुसऱ्या दिव्याच्या वायरीतून वाट काढतो.

सेल्फ मागवू नका. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनवरच्या एखाद्या रंग नसलेल्या जाड बोल्टला लावून चावी फिरवा. इंजिन उठलं तर चोर सापडला. मग केबल काढून मीटरने खात्री करा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटावर. लाल पिन इंजिनवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर पट्टी गेली.

बॅटरी उतरते हा वेगळा आजार आहे. सगळं बंद करा, मायनसच्या वायरी खुंटावरून काढा आणि मीटर दहा अँपिअरवर ठेवून खुंट आणि त्या वायरी यांच्या मधे जोडा. पन्नासएक मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा धाडकन खाली येईल तो फ्यूज धरा.

*

काका, एक भर घालतो. मीटर असा मधे जोडलेला असताना चावीला चुकूनही हात लावू नका. मी लावला होता, मीटरचा फ्यूज उडाला आणि ऐन थंडीत नवा आणायला निघालो. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे माझ्या व्हॅनचीही दर दोन वर्षांनी हीच कथा. ताई, गाडी समुद्राकडे तोंड करून उभी असेल तर वळवून माडांच्या आत घ्या, दिवसभराचा खारा वारा थेट बॉनेटमध्ये शिरतो.

*

मंडळी,

जंपर केबल लावली आणि पहिल्या फटक्यात इंजिन उठलं! ह्यांनी अंगणातूनच हाक मारली, शेजारच्या दोन घरांतली माणसं बघायला आली.

केबल काढून मीटर लावला तर २.८ व्होल्ट. पट्टी वरून चांगली दिसत होती, म्हणूनच आजवर कुणाला संशय आला नसावा. दहा नंबरच्या पान्याने नट सोडवला तर थिंबलखाली, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या तांब्याच्या कड्याखाली, शेवाळासारखा हिरवा थर. नखाने खरवडला तर तारांचा भुगा हातात आला. दुसरी, चॅसीकडची पट्टीही तशीच, फक्त थोडी बरी.

उतरण्याचं कारणही सापडलं. मधे मीटर जोडला तर ०.८ अँपिअर. सातवा फ्यूज काढला आणि आकडा शून्याजवळ आला. त्या फ्यूजवर पलंगाखालच्या कप्प्यातला दिवा आहे. झाकण मिटलं की तो विझायला हवा, पण बंद झाकणाआड काय चाललंय ते दिसणार कसं? मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवला आणि झाकण लावलं. नंतर पाहिलं तर आत लख्ख उजेड! बटणाची स्प्रिंग गंजून आतच अडकली होती. चोवीस तासांत १९ अँपिअर-तास जात होते, म्हणजे तीन दिवसांत तीन चतुर्थांश बॅटरी.

घरमालकीणबाईंनी थिंबल चिंचेने घासून दिलंय, तांब्याच्या घागरीसारखं लखलखतंय. तेच परत बसवलं तर चालेल का?

*

नको ताई. घागर घासून आपण धुऊन वाळवतो. तारेच्या पेडात शिरलेली चिंच धुतली जात नाही, ती आतून तांबं खात बसते. पट्टीचं प्लास्टिक बोटभर मागे सोलून बघा. आत तारा काळ्या असतील तर ती पट्टी कितीही लखलखवा, कामाची नाही. गुहागरला तेवढ्याच जाडीची नवी मिळेल, थिंबल दाबून बसवलेलं घ्या, नुसता डाग दिलेलं नको. चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नट आवळा आणि मग वरून व्हॅसलीनचा जाड थर द्या. आधी नव्हे, आवळल्यावर. दोन्ही पट्ट्या एकदमच बदला.

*

दोन्ही बदलल्या. सेल्फ मारताना आता ०.१५ व्होल्ट. दिव्याचं बटण काढून टाकलं, साधा स्विच लावला. आरसीसीबी रत्नागिरीला बसवून घेणार, तोवर बाहेरची वीज घेत नाही, फ्रिज रिकामा केलाय. उद्या सकाळी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरतो.