चिहायाफुरू : करुताच्या फायनलमधला शेवटचा डाव कळत नाहीये, मदत हवी आहे

दुपारचा_चहा

भाची सुट्टीत आठवडाभर राहायला आलीये. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी 'चिहायाफुरू' ही करुता या जपानी पत्त्यांच्या खेळावरची ॲनिमे मालिका लावून बसतो. २०११चा पहिला सीझन संपवला, आता दुसऱ्यात मिझुसावा शाळेची टीम ओमी-जिंगूच्या देवळात फुजिसाकी शाळेसमोर फायनलला बसली आहे. इथवर सगळं समजतंय असं मला वाटत होतं. काल भाचीने तीन प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर मला देता आलं नाही.

मला कळलंय ते सांगते, चुकलं तर कान धरा. १०० जुन्या जपानी कविता. वाचणारा सुरुवातीपासून वाचतो, पण जमिनीवरच्या पानावर फक्त उत्तरार्ध असतो. १००पैकी ५०च पानं मांडतात, प्रत्येकाकडे २५. पाठ करायला १५ मिनिटं. ज्याची बाजू आधी रिकामी होईल तो जिंकला.

आता अडलंय ते असं. एकच पान हवं असताना ही मुलं अख्खी रांग भिंतीपर्यंत का उडवतात? चुकीच्या पानाला हात लागला तर दंड असतो ना? समोरच्याचं पान घेतलं की आपलं एक त्याला द्यायचं, ते निवडताना एवढा विचार कसला? आणि मुख्य म्हणजे, दोघांकडे एकेक पान उरलं की सगळे म्हणतात आता नशीब. मग त्याच वेळी शेजारच्या भिडूच्या पानांकडे माना वळवून का बघतात? नशीबच असेल तर बघून काय होणार?

फायनल कोण जिंकतं ते कृपया सांगू नका. भाची माझा जीव घेईल.

बदाम_सत्ती

रांग उडवण्यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. वाचलेलं पान ज्या बाजूला आहे, त्या बाजूच्या इतर कुठल्याही पानाला हात लागलेला चालतो. दंड बसतो तो ते पान नसलेल्या बाजूला हात लागला तर. शिवाय पानाला थेट शिवायलाच हवं असं नाही, दुसऱ्या पानांच्या धक्क्याने ते मैदानाबाहेर गेलं तरी तुमचंच. मग नेमक्या पानावर बोट ठेवत बसण्यापेक्षा झाडू मारलेला बरा.

खरी गोम न मांडलेल्या ५० पानांची आहे. वाचणारा तीही वाचतो. तेव्हा कुठल्याही पानाला हात लावलात की चूक, आणि समोरचा आपलं एक पान तुमच्या गळ्यात मारतो. पहिल्या सीझनच्या शेवटी सुओ मेइजिन (मेइजिन म्हणजे करुताचा पुरुष विजेता) आठवतो का? तो बराचसा याच जोरावर जिंकतो. समोरच्याला घाई करायला लावायची आणि चुकू द्यायचं. मला तो अजिबात आवडत नाही, पण मालिकेतला सगळ्यात हुशार खेळाडू तोच.

हुकमाची_राणी

पान देण्याबद्दल मी सांगते. प्रत्येक कविता किती अक्षरं ऐकल्यावर ओळखता येते ते ठरलेलं असतं. एकाच अक्षरात कळणारी फक्त ७ आहेत. ६ पानं अशी, की सहावं अक्षर ऐकेपर्यंत हात रोखून बसावं लागतं.

'चि'ने सुरू होणाऱ्या ३ कविता आहेत: चिहा, चिगिरिकि आणि चिगिरिओ. मागच्या दोन वाचून झाल्या की 'चिहा'साठी 'हा' ऐकायची गरजच उरत नाही, 'चि' कानावर पडताच हात मारायचा. म्हणजे पाठांतर एकदा करून भागत नाही, डाव चालू असताना ते बदलत राहतं. म्हणून पान देताना बघतात की हे कुणाचं जोडीदार आहे. दोन सारखी पानं स्वतःकडेच ठेवली तर समोरचा एका फटक्यात दोन्ही उडवतो. त्यातलं एक पलीकडे सरकवलं की त्याला थांबून ऐकावं लागतं. नायिका चिहायाचं ते लाडकं 'चिहायाबुरु', नारिहिरा या जुन्या कवीची तात्सुता नदीची कविता, तिच्या बाजूला आहे की समोर, हे डावागणिक बघत जा.

उतारी

तिसरा प्रश्न सगळ्यात मजेचा.

एका डावापुरतं ते नशीबच आहे. एक पान तुझ्याकडे, एक समोर. आपल्या पानावर नुसता हात आडवा धरला तरी ते आपल्याच हाती राहतं, म्हणून ज्याचं पान आधी वाचलं जाईल तो जिंकतो. पण सांघिक सामन्यात पाच जण पाच जणांसमोर बसतात, वाचणारा एकच, आणि जिंकायला हवेत तीन डाव.

समजा आमचे दोन डाव जिंकून झालेत, तुमचा एक. उरलेले दोन्ही डाव शेवटच्या पानावर आलेत आणि योगायोगाने दोन्हीकडे तीच दोन पानं शिल्लक आहेत, क आणि ख. आम्हाला एकच डाव हवाय. माझ्याकडे क आणि माझ्या भिडूकडे ख असेल, तर आधी काहीही वाचलं गेलं तरी आमच्यातला एक जिंकणारच. सामना आमचा. तुम्हाला मात्र दोन्ही डाव हवेत. म्हणजे तुम्ही धडपडणार की तुमच्या दोघांकडे सारखंच पान असावं, दोघांकडे क किंवा दोघांकडे ख.

हे शेवटच्या पानावर आल्यावर जमत नाही. त्याआधी, दोन-तीन पानं उरलेली असताना कुठलं द्यायचं आणि कुठलं ठेवायचं, यातच ठरतं. म्हणून माना वळतात. नशीब आहेच हो, पण ते कुठल्या ताटात वाढून घ्यायचं एवढं हातात असतं.

झब्बू_नको

एवढी गणितं करण्यापेक्षा मेंढीकोट काय वाईट?

दुपारचा_चहा

उतारी, तुमचं क-ख मी बटाटे आणि कांदे मांडून भाचीला समजावलं. तिला पहिल्या फटक्यात कळलं, मला तिसऱ्या. झब्बू_नको, मेंढीकोट परवाच झाला, भाचीने रडीचा डाव खेळून जिंकला.

आता नवीन संकट. तिला हे खेळायचंय! जपानी आम्हाला शून्य. घरात सगळ्यांना पाठ असलेल्या १०० मराठी कविता कुठून आणू?

हुकमाची_राणी

मनाचे श्लोक! २०५ आहेत, त्यातले ४० घ्या. जुन्या पत्रिकांचे पुठ्ठे कापा आणि पानावर फक्त चौथी ओळ लिहा. वाचणाऱ्याने पहिल्या ओळीपासून सुरू करायचं.

गंमत बघा, 'घ' ऐकून हात मारलात तर फसाल. 'घरी कामधेनू' आणि 'घनश्याम हा राम' दोन्ही आहेत. 'मना पा'वरही थांबायचं, 'पापसंकल्प' येतोय की 'पाहतां'? आणि 'मना सज्जना'ला पाच अक्षरं मुकाट ऐकायची. सहावं 'भ' आलं तर भक्तिपंथेचि, 'ही' आलं तर हीत माझे करावे. जपानी सहा अक्षरीवाल्यांची बरोबरी झाली की नाही?

बदाम_सत्ती

एक सूचना. खऱ्या करुतात वाचणारा आधीच्या कवितेचा उत्तरार्ध पुन्हा म्हणतो, सेकंदभर थांबतो आणि मग नवी कविता सुरू करतो. त्या लयीमुळे दोघंही सारखेच सावध होतात. तुम्हाला तर आयतंच आहे, प्रत्येक श्लोकानंतर 'जय जय रघुवीर समर्थ' म्हणायचं, एक सेकंद शांतता, मग पुढचा. आणि ४० मांडू नका, २० मांडा. न मांडलेली २० वाचली गेलीच पाहिजेत, नाहीतर सुओ कसा भेटणार?

दुपारचा_चहा

झाला एकदाचा डाव. २० पानं, भाचीकडे १०, माझ्याकडे १०, वाचायला आई.

पहिल्या पाच श्लोकांत मी तीनदा न मांडलेल्या पानावर झडप घातली. 'प्रभाते' ऐकलं आणि हात गेला, पान मांडलेलंच नव्हतं. भाची शांत बसून होती. तिला पाठ कमी, म्हणून ती ओळ पूर्ण ऐकायची, आणि त्यामुळेच एकदाही चुकली नाही. ती सात पानांनी जिंकली.

मग आई म्हणाली, आता मी खेळते, तू वाच. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, म्हणून पानं डायनिंग टेबलावर मांडली. 'मना वासना' झालं की भाची श्वास रोखून 'दु' की 'चू' याची वाट बघायची, आणि आईचा हात तोवर पानावर. विचारलं तर म्हणते, "तुझ्या तोंडाकडे बघते. 'चू'ला तू आधीच ओठ काढतेस."

उद्यापासून वाचणाऱ्याने तोंडावर पदर घ्यायचा असं ठरलंय. यावर करुतात काही नियम असेल तर कळवा, आईला लेखी हवा आहे.