वरच्या फ्लॅटचा पाइप फुटला: गृहविम्याचा क्लेम टाकावा का?

प्रश्न
वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून किचनचं पीओपी छत पडलं, ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगलं. सुताराचा अंदाज ६० हजार. हॉलच्या भिंतीला दोन पावसाळ्यांची ओल आहे, तीही यातच घालावी का? पॉलिसी भारत गृह रक्षा, गृहकर्जासोबतची. वरचे म्हणतात, १५ हजार घ्या आणि विषय मिटवा.

प्रतिसाद १
क्लेम टाका, पण ओल त्यात घालू नका. पाइप किंवा टाकी फुटणं, ओसंडणं या पॉलिसीत आहे. हळूहळू झिरपणं आणि झीज नाही. दोन्ही एकत्र लिहिलंत तर किचनचं नुकसानही जुन्या गळतीच्या खात्यात जायला वेळ लागत नाही. ओलीबद्दल सर्व्हेअरने (नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस) विचारलं तर खरं ते सांगा.

भिंतीला पक्क्या बसवलेल्या ट्रॉल्या इमारतीत मोडतात, सुटी उपकरणं सामानात. इमारतीचा विमा असेल तर सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, आपोआप संरक्षण असतं.

प्रतिसाद २
पाणी बंद, फोटो-व्हिडिओ, लगेच कंपनीला कळवून क्लेम नंबर. क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत.

फुटलेल्या पाइपचा तुकडा वरच्यांकडून मागून घ्या. प्लंबर तो भंगारात टाकतो आणि पाइप अचानक फुटल्याचा पुरावाच जातो. लोंबकळणारं पीओपी फोटो काढून उतरवा, ते डोक्यावर ठेवायचं नसतं. फुगलेल्या ट्रॉल्या मात्र सर्व्हेअर बघेपर्यंत फेकू नका. ‘किचन काम, एकूण ६० हजार’ असलं कोटेशन नको. प्लायचा प्रकार, चौरस फूट, मजुरी, जीएसटी वेगवेगळं लिहून घ्या.

विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा.

प्रतिसाद ३
त्या १५ हजारांच्या बदल्यात ‘यापुढे काहीही मागणी नाही’ असं लिहून देऊ नका. कंपनीने क्लेमचे पैसे दिल्यावर वरच्यांकडून वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही तो आधीच सोडलात तर क्लेम अडतो. पैसे घेतलेत तर कंपनीला कळवा, तेवढे वजा होतील.

शिवाय पॉलिसीवर बँकेचं कलम, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचा विम्याच्या रकमेवर हक्क, आहे का बघा. असेल तर रक्कम बँकेकडे जाऊ शकते. ती दुरुस्तीसाठी तुम्हाला मिळावी म्हणून बँकेचं संमतीपत्र आताच मागा.

प्रश्नकर्ता
आणि नुकसान १५-२० हजारांचंच ठरलं तर?

प्रतिसाद २
पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये (तपशिलाच्या पानावर) एक्सेस, म्हणजे क्लेममधली तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, लिहिला आहे का, किती, ते पाहा. नुकसान त्याच्या आसपासच असेल तर शेजाऱ्यांशी मिटवलेलं बरं. बराच फरक असेल तर सोडू नका. कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी). ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही.